रात्रपाळीबद्दलच्या त्या तीन वाक्यांत तुमचा पीएचडीचा विषय आहे

प्रश्न : मी अकरा वर्षं सायबर सुरक्षेत आहे. सध्या एका वित्तीय कंपनीच्या सुरक्षा संचालन केंद्रात, म्हणजे एसओसीत, तिन्ही पाळ्यांची जबाबदारी माझ्याकडे आहे. दर चौथ्या आठवड्याला ऑन-कॉल असतं. पीएचडीची इच्छा जुनी आहे. ‘कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने सायबर हल्ल्यांचा शोध’ हा विषय मनात पक्का आहे आणि कंपनीचे लॉग, म्हणजे संगणकीय नोंदी, वापरायला साहेबांनी तोंडी होकार दिला आहे. एक ऑनलाइन संस्था १८ महिन्यांत डॉक्टरेट देते, शोधनिबंधही तीच छापून आणते. महिनाअखेर आगाऊ रक्कम भरायची आहे. दुसरीकडे एका विद्यापीठाचा अर्धवेळ कार्यक्रम आहे, पण तो सहा-सात वर्षांचा. आठवड्याला १२ ते १५ तास काढता येतील. काय करावं? जाता जाता एक गोष्ट : आमचे बहुतेक अलर्ट, म्हणजे प्रणालीने दिलेले धोक्याचे इशारे, फोल निघतात. रात्रपाळीतली जुनी माणसं त्यातले काही उघडूनही न बघता बंद करतात आणि बहुधा बरोबर असतात. ते कसं ओळखतात हे कुणी मोजलेलं नाही.

उत्तर : आधी तातडीचं. महिनाअखेरची रक्कम भरू नका. निबंध छापून आणण्याची हमी संस्थाच देत असेल, तर तो निबंध कुणी गांभीर्याने तपासणार नाही हे उघड आहे. खऱ्या परीक्षणाचा निकाल आधी कुणालाच सांगता येत नाही. या क्षेत्रात ज्या चार परिषदांचा शब्द चालतो, त्या म्हणजे आयईईईची सिक्युरिटी अँड प्रायव्हसी, युझनिक्स सिक्युरिटी, एसीएमची सीसीएस आणि एनडीएसएस. तिथे आलेल्या निबंधांपैकी साधारण पाचातला एक स्वीकारला जातो, कधी तेवढाही नाही. चांगल्या प्रयोगशाळांचे निबंधसुद्धा एक-दोनदा परत येऊन मग कुठेतरी लागतात.

त्या १८ महिन्यांचा हिशेबही करून बघा. आठवड्याला १५ तास, ७८ आठवडे, म्हणजे ११७० तास. पूर्णवेळ विद्यार्थी आठवड्याला ४० तास, वर्षाचे ४६ आठवडे आणि साडेतीन वर्षं काम करतो असं धरलं, तर ६४४० तास होतात. तुमचा अनुभव मोठा आहे, त्यामुळे काही तास नक्की वाचतील. पण पाचपट वाचणार नाहीत.

आता विषयाकडे येऊ. पत्राचा खरा जीव तिथेच आहे.

‘कृत्रिम बुद्धिमत्तेने हल्ल्यांचा शोध’ हा विषय नव्हे, ते एक अख्खं क्षेत्र आहे. मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न येईल : कोणता हल्ला, कोणत्या नेटवर्कवर, आणि तुमची पद्धत कशापेक्षा चांगली? त्यामागोमाग गणित उभं राहील. समजा, दिवसाला दहा लाख घटनांची नोंद होते आणि त्यातल्या १०० खरोखर घातक आहेत. तुमची प्रणाली ९९ टक्के घातक घटना पकडते आणि निर्दोष घटनांपैकी फक्त १ टक्क्यावर चुकून शंका घेते. कागदावर हे झकास दिसतं. प्रत्यक्षात खरे अलर्ट ९९ आणि खोटे ९,९९९. म्हणजे पडद्यावर येणाऱ्या शंभर अलर्टपैकी जेमतेम एक खरा. स्टेफान अ‍ॅक्सेलसन यांनी हा मुद्दा १९९९ मध्येच सीसीएस परिषदेत मांडला होता. तुमची रात्रपाळी रोज हेच गणित जगते, त्यामुळे तुम्हाला ते पटवून द्यायची गरज नाही. पण प्रवेशासाठी येणाऱ्या अनेक प्रस्तावांत त्याचा मागमूस नसतो.

दुसरा खड्डा सार्वजनिक डेटासंचांचा. केडीडी कप १९९९ या स्पर्धेसाठी बनवलेला हल्ल्यांच्या नोंदींचा संच अजूनही प्रबंधांत दिसतो. तो डार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेच्या १९९८ च्या प्रयोगातून आला आणि ती रहदारी कृत्रिमरीत्या तयार केलेली होती. २००९ मध्ये त्याची छाननी झाली तेव्हा प्रशिक्षणाच्या भागातल्या सुमारे ७८ टक्के नोंदी पुनरावृत्त निघाल्या. तीच नोंद शिकताना आणि परीक्षेतही समोर आली, तर ९९ टक्के अचूकता मिळण्यात नवल काय? नवे संच वापरले तरी एक चूक सर्रास होते : नोंदी सरमिसळ करून त्यातल्या ८० टक्के शिकवण्यासाठी आणि २० टक्के तपासणीसाठी घेतल्या जातात. मग मार्चचे हल्ले ओळखायला प्रणाली मेच्या नोंदींवर शिकते. विभागणी तारखेनेच करायची : आधीचे महिने शिकवायला, नंतरचे तपासायला. असं केलं की आकडे बरेच खाली येतात, आणि तेच खरे आकडे.

म्हणून आमचं मत असं, की तुमचा विषय पत्राच्या शेवटच्या तीन वाक्यांत आहे. अकरा वर्षं त्या खोलीत घालवल्याशिवाय तो प्रश्न सुचत नाही. नोकरी करणाऱ्या माणसाकडे पूर्णवेळ विद्यार्थ्यापेक्षा जास्त असलेली गोष्ट हीच : कुठे काय खुपतं याची जाण. तिथेच नांगर टाका.

मात्र तो प्रश्नही अजून रुंद आहे. त्याचे तीन तुकडे पडतात. अनुभवी विश्लेषक कोणत्या खुणांवरून अलर्ट न उघडता बंद करतो : अलर्ट देणाऱ्या नियमाचं नाव, स्रोत यंत्र, वेळ, की त्या नियमाचा पूर्वेतिहास? तो किती वेळा चुकतो? आणि ही जाण नवख्याला शिकवता येते का, की नेटवर्क बदललं की ती निकामी होते? पहिल्या तुकड्याला मुलाखती आणि काम करता करता बोलून दाखवण्याची पद्धत लागते. १५ ते २० विश्लेषकांनंतर बहुधा नवं काही निघेनासं होतं. तिसऱ्यासाठी नियंत्रित प्रयोग हवा. सगळ्यात अवघड आहे मधला.

का, ते बघा. बंद केलेला अलर्ट खरोखर फोल होता हे ठरवायचं कुणी? यदृच्छ नमुना काढून तो दोन जाणकारांनी एकमेकांचं मत न पाहता पुन्हा तपासायला हवा आणि त्यांचं किती जुळतं ते मोजायला हवं. ‘कोहेन्स कॅपा’ (kappa) हा गुणांक हे त्याचं रुळलेलं माप आहे. आता नमुना किती घ्यायचा? ३०० अलर्ट तपासले आणि एकही चूक सापडली नाही, तरी ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की चुकीचं प्रमाण १ टक्क्याहून कमी आहे. ३ भागिले नमुन्याची संख्या, असा तो ढोबळ नियम. हजारात एकाहून कमी असं म्हणायचं तर ३,००० अलर्ट लागतील. एकाला दहा मिनिटं धरली तर ५०० तास, आणि तपासणारे दोघे म्हणजे १,०००. एवढे तास कुणाकडेच नसतात. तेव्हा सगळे अलर्ट घेऊ नका. एकच प्रकार निवडा, उदाहरणार्थ लॉगिनशी संबंधित अलर्ट, आणि जिथे चूक महाग पडते त्या गटातून जास्त नमुना घ्या. हा हिशेब तुमच्या प्रस्तावाच्या पहिल्या पानावर असेल, तर कुठलाही गंभीर मार्गदर्शक पुढचं पान उलटेल.

या प्रश्नाच्या आसपास काम झालेलं आहे आणि ते आधी वाचायला हवं. वापरसुलभ सुरक्षेवरच्या सूप्स परिषदेत २०१५ मध्ये एसओसीत प्रत्यक्ष काम करून विश्लेषकांच्या थकव्यावर केलेला अभ्यास आहे. २०२२ च्या युझनिक्स सिक्युरिटीत विश्लेषक खोट्या अलर्टांकडे कसं बघतात यावरचा मुलाखतींचा निबंध आहे. ‘हे कुणी आधीच केलंय’ म्हणून खचू नका. आधीचं काम असणं म्हणजे तुलनेला कुणीतरी आहे, आणि परीक्षकाला प्रश्न महत्त्वाचा आहे हे वेगळं पटवावं लागत नाही. वाचताना एक तक्ता ठेवा : प्रश्न, गृहीत धरलेला हल्लेखोर, डेटा, कशाशी तुलना, निष्कर्ष, लेखकांनी स्वतः मान्य केलेली मर्यादा. शेवटच्या स्तंभातूनच तुमची जागा निघते. पहिल्या चार महिन्यांत ४० निबंध असे भरले तरी पुरे. ‘एसओके’ (ज्ञानाची पद्धतशीर मांडणी) असं शीर्षकात लिहिलेले निबंध आधी घ्या. एका उपक्षेत्रातलं विखुरलेलं काम एकत्र मांडण्यासाठीच ते लिहिलेले असतात. आयईईईच्या परिषदेने हा प्रकार २०१० पासून चालवला आहे.

अनुभवी माणसांकडून होणारी एक चूक इथेच सांगतो. साधन बनवायचं, ते कामावर चालवायचं आणि त्यालाच प्रबंध म्हणायचं. साधन चालतं, कंपनी खूष होते, पण आधीच्या पद्धतीपेक्षा किती चांगलं, कुठे फसतं आणि दुसऱ्याच्या नेटवर्कवर चालेल का, यांची उत्तरं नसतात. कामावर ‘चालतं’ एवढं पुरतं. प्रबंधात ते का चालतं आणि कधी चालत नाही, ते दाखवावं लागतं.

लॉगबद्दल

साहेबांचा तोंडी होकार म्हणजे परवानगी नव्हे. साहेब नोकरी बदलतात, कंपनी विकली जाते, आणि तिसऱ्या वर्षी विधी विभाग विचारतो की ग्राहकांचे आयपी पत्ते आणि कर्मचाऱ्यांची नावं असलेले लॉग विद्यापीठात गेले कसे. तोवर दोन प्रकरणं लिहून झालेली असतात. अर्धवेळ पीएचडी अशानेही अर्ध्यावर सुटू शकते आणि हे सुरुवातीलाच टाळता येतं.

लेखी करार करा. त्यावर सुरक्षा प्रमुख, विधी विभाग, डेटा संरक्षणाची जबाबदारी असलेला अधिकारी आणि विद्यापीठाचं संशोधन कार्यालय या सगळ्यांच्या सह्या हव्यात. कोणत्या तारखांचे लॉग, त्यातली कोणती क्षेत्रं, ते कुठे साठवले जातील, कोण पाहील, हे सगळं नावानिशी लिहा. छापण्याआधी कंपनीला मजकूर पाहायचा हक्क असू दे, पण मुदत ठरवा, ३० दिवस पुरतात. आणि हा हक्क गोपनीय तपशील काढण्यापुरताच असावा, गैरसोयीचा निष्कर्ष रोखण्यासाठी नव्हे. तुम्ही नोकरी सोडलीत तर तोवरचा डेटा वापरता येईल का? तुम्ही लिहिलेल्या कोडचा मालक कोण? परीक्षकाला मूळ नोंदी पाहायच्या असतील तर? ही तीन कलमं बहुतेक मसुद्यांत नसतात आणि भांडणं याच तीन गोष्टींवर होतात.

ओळख पुसण्यात तुमच्या पेशातली माणसंही फसतात. आयपी पत्त्याचा साधा हॅश, म्हणजे ठरावीक सूत्राने बनवलेला संकेत, काढला म्हणजे तो लपला असं नाही. आयपीव्ही४ या जुन्या, रूढ पत्तापद्धतीतले एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. सगळ्यांचे हॅश काढून उलटा तक्ता बनवायला साध्या संगणकालाही फार वेळ लागत नाही. गुप्त किल्ली असलेला हॅश वापरा आणि किल्ली कंपनीकडेच राहू द्या, विद्यापीठाकडे जाऊ देऊ नका. कोणती यंत्रं एकाच सबनेटमधली (नेटवर्कच्या एकाच भागातली) आहेत हे विश्लेषणासाठी लागत असेल, तर उपसर्ग, म्हणजे पत्त्याच्या सुरुवातीच्या भागाची समानता, टिकवून पत्ता बदलणारी पद्धत असते. क्रिप्टो-पॅन हे त्याचं जुनं, नावाजलेलं उदाहरण. तिच्यात संरचना टिकते, म्हणून माग काढायचा धोकाही थोडा उरतो, हे करारात लिहून टाका.

एवढं करूनही कंपनी मागे हटू शकते. म्हणून निदान एक प्रकरण तिच्या डेटाशिवाय उभं राहील असं आखा. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेने आपल्या अंतर्गत नेटवर्कच्या सलग ५८ दिवसांच्या नोंदी ओळख पुसून खुल्या केल्या आहेत आणि त्यात सरावासाठी मुद्दाम केलेल्या घुसखोरीच्या नोंदीही आहेत. नवख्यांवरच्या प्रयोगासाठी अलर्ट तयार करायला असा संच कामी येतो.

तुमच्याच माणसांचा अभ्यास

हा मुद्दा तुमच्या पत्रात नाही, पण तोच सगळ्यात नाजूक आहे. ज्या विश्लेषकांचा अभ्यास करायचा, ते तुमच्या हाताखाली आहेत. तुम्ही ‘भाग घ्याल का?’ विचारलंत तर ते नाही कसं म्हणतील? अशी संमती मोकळी नसते आणि विद्यापीठाची नैतिकता समिती ती मान्य करणार नाही, करूही नये. शिवाय ‘मी हा अलर्ट न बघता बंद करतो’ हे आपल्या वरिष्ठाला कुणी खरं सांगणार नाही. म्हणजे डेटाही बिघडतो.

मार्ग आहेत. मुलाखती तुमच्याऐवजी सहसंशोधकाने घ्याव्यात आणि नावं काढलेले उतारेच तुमच्या हाती यावेत. किंवा विश्लेषक दुसऱ्या दोन-तीन संस्थांतून घ्यावेत; निष्कर्ष एका कंपनीपुरते राहत नाहीत हा त्याचा वेगळा फायदा. कोण सहभागी झालं आणि कोण नाही, हे तुम्हाला कळू नये. चुकांच्या मोजणीचा मूल्यमापनाशी, बढतीशी संबंध राहणार नाही, असं मनुष्यबळ विभागाने लेखी द्यावं. सायबर संशोधनाच्या नैतिकतेवर २०१२ मध्ये आलेला मेन्लो अहवाल वाचून ठेवा. व्यक्तीचा आदर, हित, न्याय आणि कायदा व लोकहिताचा मान ही त्याची चार तत्त्वं समितीच्या अर्जात जशीच्या तशी उपयोगी पडतात. समितीच्या मंजुरीला तीन-चार महिने धरा.

तास

आता पुन्हा हिशेब. आठवड्याला १५ तास आणि वर्षाला ४६ आठवडे म्हणजे ६९० तास. ६४४० तासांना नऊ वर्षांहून जास्त. २० तास दिले तर ९२०, म्हणजे सात वर्षं. पण दर चौथा आठवडा ऑन-कॉलचा. तेव्हा अभ्यास होत नाही, आणि होईल असं धरून चालणं ही स्वतःची फसवणूक आहे. वर्षाचे ५२ वजा १३ ऑन-कॉलचे, वजा आजारपण-प्रवास-सणांचे पाच, उरले ३४. त्यांना २० ने गुणलं तर ६८०. पुन्हा नऊ वर्षं!

म्हणून प्रवेशाआधी कंपनीकडे दोन गोष्टी मागा, त्याही लेखी : ऑन-कॉलची पाळी निम्मी करणं आणि आठवड्यातला एक कामाचा दिवस संशोधनासाठी. तो दिवस आठ तासांचा, तीन सकाळी दोन-दोन तास आणि सुट्टीच्या दिवशी सलग सहा तास, असे वीस भरतात. फीचा परतावा मिळतोय आणि दिवस मिळत नाही, असं असेल तर दिवसासाठी फी सोडा. कामाच्या दिवसानंतर रात्री केलेलं वाचन सहसा टिकत नाही, लेखन तर नाहीच. अभ्यासाच्या प्रत्येक बैठकीच्या शेवटी पुढच्या वेळी नेमकं काय करायचं ते दोन ओळींत लिहून ठेवा. दोन आठवड्यांनी परतलात की पहिला तास आठवण्यात जात नाही.

मार्गदर्शक आणि विद्यापीठ

विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा. डीबीएलपी या संगणकशास्त्रातल्या निबंधांच्या ऑनलाइन सूचीत त्यांचं नाव शोधा आणि गेल्या पाच वर्षांत त्यांच्या विद्यार्थ्यांबरोबरचे निबंध कुठे आलेत ते बघा. विद्यापीठाच्या प्रबंध-भांडारातून त्यांच्याकडचे शेवटचे तीन प्रबंध उघडा. प्रस्तावना आणि मर्यादांचं प्रकरण वाचलं की कामाची पातळी कळते. तुमच्या प्रश्नाला माणसांवर संशोधन करणारा मार्गदर्शक लागतो. फक्त क्रिप्टोग्राफी किंवा मालवेअर करणारा कितीही मोठा असला तरी समितीच्या अर्जात आणि मुलाखतींच्या विश्लेषणात तुम्ही एकटे पडाल.

पत्र एका पानाचं पाठवा : प्रश्न, तो तुम्हाला कसा दिसला, आधीचे दोन-तीन निबंध काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, डेटा कुठून येईल, आठवड्याला किती तास. प्रमाणपत्रांची यादी शेवटच्या ओळीत पुरे. भेटीत हे विचारा : तुमच्याकडे किती अर्धवेळ विद्यार्थी पूर्ण झाले, किती सोडून गेले? किती आठवड्यांनी भेटता? तुम्ही विद्यापीठ सोडलंत तर माझं काय? उत्तरं गोलमोल आली तर दुसरं दार ठोठवा.

काही देशांत व्यावसायिक डॉक्टरेट हा वेगळा प्रकार आहे. तिथे प्रश्न आपल्या कामातूनच यावा अशी अपेक्षा असते, आणि तुमचा प्रश्न त्यात सहज बसतो. पुढे अध्यापनाची नोकरी हवी असेल तर मात्र ज्या देशात ती करायची तिथे ही पदवी पीएचडीच्या बरोबरीने धरतात का, हे तिथल्या नियामक संस्थेकडून आधीच तपासा. आणि हेतू फक्त बढतीचा असेल तर यातलं काहीच करू नका. सुरक्षा प्रमुखाच्या पदाला डॉक्टरेट लागत नाही, आणि सात वर्षांत त्या पदापर्यंत पोचायचे जवळचे रस्ते आहेत.

आजपासून सुरू करता येण्यासारखं एकच काम आहे आणि एक टाळायचं आहे. पुढचे तीन महिने स्वतःच्या निर्णयांची वही ठेवा : कोणता अलर्ट न उघडता बंद केलात, त्या क्षणी डोक्यात काय होतं, नंतर उघडल्यावर काय निघालं. ग्राहकांचे तपशील त्यात नकोत आणि वही कंपनीतच राहू द्या. रात्रपाळीतल्या कुणाला मात्र आत्ताच प्रश्न विचारायला बसू नका. समितीच्या मंजुरीआधी त्यांनी जे सांगितलं ते प्रबंधात वापरता येणार नाही, आणि एकदा सांगून झालेली गोष्ट पुन्हा विचारली की उत्तर तसंच येत नाही.